‘साधे गुणोत्तर’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अभ्यासक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस नमस्कार.

रक्तातल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या घटकांतल्या डीएनएच्या, चाचणीवरून पेशींचे वय सांगण्याच्या प्रकाराविषयी मी मागे लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, वयानुसार मायटोकॉन्ड्रियल डीएनए कमी होतो की नाही यावर संशोधकांचेच एकमत नाही, तरी मी स्नायूंतल्या घटीबद्दल लिहिले आणि रक्ताच्या चाचणीला उगाच नावे ठेवली. शेवटी आपण लिहिता, ‘हे मोजमाप म्हणजे एक साधे गुणोत्तर आहे, प्रयोगशाळेत हात न घातलेल्यांनी त्याचा बाऊ करू नये.’

मतभेदाचे मला काही वाटत नाही, पण हा सूर मला मान्य नाही. माझा हात प्रयोगशाळेत गेला की नाही, हे आपण कशावरून ठरवले? मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली की फ्रीझरमधले नमुने वाचवण्यासाठी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून आम्ही त्या पोत्यात गुंडाळून ठेवत असू. पिपेटच्या टोकाला आतून चिकटून राहिलेला थेंब, आणि त्या एका थेंबामुळे एकाच नमुन्याच्या तीन नळ्यांची आलेली तीन उत्तरे ज्याने पाहिली आहेत, तो या गुणोत्तराला साधे म्हणायला धजावणार नाही.

मुळात हे गुणोत्तर कशाचे, ते पाहू. मायटोकॉन्ड्रियातले एक जनुक, बहुधा एनडी-१, आणि केंद्रकातले एक जनुक, उदाहरणार्थ बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे, यांच्या प्रती एकाच नमुन्यात मोजतात आणि केंद्रकातल्या जनुकाच्या पेशीमागे दोन प्रती धरून हिशेब मांडतात. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून त्या मोजण्याच्या प्रक्रियेच्या, दर आवर्तनात प्रती दुप्पट होत असल्याने दोन मोजण्यांतल्या फरकात ०.३ आवर्तनाची चूक झाली, तरी उत्तर सुमारे २३ टक्क्यांनी सरकते. शिवाय १६,५६९ बेस-जोड्यांचा छोटा वर्तुळाकार रेणू आणि लांबलचक केंद्रकीय डीएनए हे प्रत्येक पद्धतीने सारख्या प्रमाणात हाती लागत नाहीत. उतारवयात स्नायूंत आणि मेंदूत ४,९७७ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेले रेणू साठत जातात, आणि एनडी-१ त्या तुकड्याच्या बाहेर असल्यामुळे हे मोडके रेणूही धडधाकट म्हणून मोजले जातात. त्यासाठी त्या तुकड्यातले एनडी-४ वेगळे मोजावे लागते. हा बाऊ असेल, तर तो केल्याशिवाय गत्यंतर नाही.

एकमत नाही, हे खरे आहे, आणि लेखाच्या शीर्षकात ‘घट’ हा शब्द इतका ठळक नसता तर बरे झाले असते, हेही मी मान्य करतो. पण मतभेदाचे कारण लेखात दिलेले होते. अभ्यासक म्हणवून घेणाऱ्याने ते वाचलेले असावे, ही अपेक्षा गैर नाही. २००३ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी कंकाल स्नायूत केंद्रकीय जनुकसंचामागे सुमारे ३,६५० आणि हृदयाच्या स्नायूत सुमारे ६,९७० प्रती मोजल्या आणि वयानुसार बदल आढळला नाही, असे सांगितले. २००५ साली शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी १८ ते ८९ वर्षांच्या १४६ निरोगी व्यक्तींच्या मांडीच्या स्नायूत मात्र घट नोंदवली. उतारवयातल्या स्नायूत चरबीच्या आणि तंतुमय ऊतीच्या पेशी वाढतात, त्यांची केंद्रके भाजकात, म्हणजे केंद्रकातल्या जनुकाच्या मोजणीत, मिसळतात आणि स्नायुतंतू होता तसाच असला तरी गुणोत्तर खाली येऊ शकते. मोंढ्यावर ओलावा न पाहता सोयाबीनला भाव लावला तर आपल्याकडे कोणीही हरकत घेईल. तीच हरकत मी येथे घेतली आहे.

रक्ताची गोष्ट तर याहून अवघड आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकही नसते आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात. प्लेटलेटमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात, पण केंद्रक नसते. म्हणजे प्लेटलेट भाज्य वाढवतात आणि भाजकाला हातही लावत नाहीत. पावसाळा सरताना डेंग्यूची साथ आली की रुग्णाच्या प्लेटलेट लाखांवरून काही हजारांवर येतात, हे आपल्या भागात घराघरांत माहीत आहे. त्या आठवड्यात अशा रुग्णाचे रक्त प्लेटलेट वेगळ्या न करता तपासले, तर पेशींच्या वयात काडीचाही बदल झालेला नसताना आकडा घसरलेला दिसू शकेल. निवृत्तीनंतरची पुंजी मोडून असे अहवाल काढणारी आणि त्यावर विसंबून महागडी पूरके घेणारी माणसे मला भेटतात, म्हणून मी तो लेख लिहिला. त्यांच्या काळजीला आपण ‘बाऊ’ म्हणालात, याचे मला वाईट वाटले.

केंद्रकातल्या छद्मजनुकांविषयी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांच्या केंद्रकात शिरलेल्या निकामी नकलांविषयी, आपण लिहिलेली ओळ प्रायमर (मोजायचा तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडण्याच्या प्रश्नात मोडते, येथे तिचा संबंध नाही. उरलेल्या ओळींत मला उत्तर देण्याजोगा मुद्दा आढळला नाही. ज्या अहवालावर प्लेटलेटची संख्या, पांढऱ्या पेशींचे प्रकार आणि डीएनए काढण्याची पद्धत नोंदलेली नसेल, त्यावरून मी कोणाचेही वय सांगणार नाही, आणि माझ्याकडे तो घेऊन येणाऱ्यालाही हेच सांगेन.