आत्या हलत नाही, फुलपाखरू थांबत नाही

साताऱ्यात घर असलं की सप्टेंबरात पाहुणे उगवतातच. पेपरात कासच्या फुलांचा पहिला फोटो छापून आला की पुण्याहून आत्याचा फोन ठरलेला, "फुलं आलीत का रे यंदा?" म्हणजे शनिवारी गाडीभर माणसं मुक्कामाला, आणि मी तो मोठा कॅमेरा चार्जिंगला लावून ठेवायचा. मला फुलपाखरांच्या फोटोंचा नाद, त्यासाठी मॅक्रो लेन्स हप्त्यावर घेतलीय, पण नातेवाईकांच्या हिशोबात मी म्हणजे घरचाच फोटोग्राफर, त्यात फुकट.

आता फुलपाखराचं कसंय, अंगात ऊब आल्याशिवाय त्याला धड उडता येत नाही, म्हणून सकाळचं पहिलं ऊन आलं की पंख पसरून निवांत शेकत बसतं, फोटो मिळाला तर तेव्हाच. एकदा तापलं की मग त्याच्यामागं पळत बसा. म्हणून मी आदल्या रात्री सगळ्यांना बजावून सांगितलं, सहाला निघायचं. सकाळी चहा झाला, दाजींची आंघोळ झाली, पोहे झाले, पोह्यांवर परत चहा झाला, मग "कंदी पेढे आत्ताच घेऊ, येताना उशीर झाला म्हंजे?" असं करत करत यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तेव्हा दहा वाजून गेलेले आणि पुढं गाड्यांची ही रांग. तरी बरं, पासचं ऑनलाइन बुकिंग मी केलं होतं.

पठार मात्र बघण्यासारखं असतं हो, खोटं कशाला बोला. जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा जेमतेम थर, आणि त्यात तेरडा, गेंद, सीतेची आसवं, नुसता गालिचा. पश्चिम घाटाला २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात हे कासही येतं, आणि आत्याला नेमकं त्या वारशात बसून फोटो पाहिजे होता. ती साडी सावरत खाली टेकणार तेवढ्यात राखणदाराची शिट्टी वाजली. आत्या बसायची थांबली, पण पोज सोडली नाही, अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच मला म्हणते, "काढ रे पटकन, तो बघतोय." इकडं शेजारच्या तेरड्यावर एक हळदीकुंकू फुलपाखरू उतरलेलं, पंखाखालचा पिवळा-लाल रंग अगदी माझ्याकडं करून. मी लेन्स तिकडं फिरवली तर आत्या, "अरे मी इकडंय!" फुलपाखराला तेवढं निमित्त पुरलं.

रविवारी महाबळेश्वर. तिथलं काय सांगणार, सगळ्या पॉइंटांवर धुकं. ऑर्थर सीटला मागं पांढरं, केट्स पॉइंटला मागं पांढरं, माणसं तीच, पोज त्याच, फक्त दाजींच्या हातातलं कणीस कमी कमी होत गेलेलं, त्यावरून कुठला पॉइंट आधीचा ते कळतं. दाजींनी मोबाईलमधून त्याच फोटोला मागं निळं आभाळ लावून दाखवलं आणि वर मला विचारलं, "तुझ्या कॅमेऱ्यात हे नाही व्हय?"

उतरताना पसरणीच्या घाटात ऊन पडलं आणि भाच्याला शू लागली. त्या वळणावर बहुतेक सगळ्याच गाड्या त्याच कामासाठी थांबतात, त्यामुळं कडेची माती कायम ओली. आणि त्या मातीवर राणी पाकोळी! ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, तळहाताएवढं, काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे. फुलातला मध गोड असला तरी त्यात मीठ नसतं, म्हणून नर फुलपाखरं असल्या ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात, आणि माणसांनी केलेली ओल असेल तर मग काय, मेजवानीच. एकदा सोंड मातीत गेली की ते बराच वेळ हलत नाही. पण उभ्यानं गेलं तर सावली पडते, सावली पडली की उडतं. मग काय करणार, पालथा पडलो आणि कोपरांवर सरपटत गेलो. श्वास रोखून, कारण इतक्या जवळून फोकस मिळतो तो दोन-तीन मिलिमीटरचा. वास येत होता. मागून आत्या, "शी! अरे उठ तिथनं, काय हे!" वहिनी हसतीय, भाचा सगळ्यांना ओरडून सांगतोय, मामा माझ्या शूत झोपला. पण फोटो मिळाला. डोळा टाचणीच्या डोक्यासारखा स्पष्ट, सोंडेचा बाक दिसतोय, आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं.

रात्री तो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्याच्या आधीच दाजींनी माझा पालथा फोटो टाकला होता, त्यावर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस चाललेला. माझ्या फोटोवर बराच वेळ काहीच नाही. शेवटी आत्याचा मेसेज आला: "छान आहे, पण मागं ते लाल दिसतंय ते दाजींचं स्वेटर ना? त्यांचं तोंडच ओळखू येत नाही. जरा क्लिअर करून पाठव, आणि पुढं ते काळं आलंय मध्ये तेवढं काढून टाक."