मिशी माझी नाही

ग्रुपवर जो फोटो फिरतोय त्यातली मिशी माझी नाही. वही माझी आहे, पेन्सिलही माझीच होती. पण मिशी माझी नाही, आणि खाली पडलेले सगळे बदाम त्या मिशीलाच आहेत.

रविवारी आमच्या अ‍ॅनिमेशनवाल्यांची स्केचिंगची सहल होती. बाग, दहाबारा डोकी आणि ३० सेकंदांची जेश्चर ड्रॉइंग्ज. जेश्चरमध्ये माणूस काढायचा नसतो, तो काय करतोय ते काढायचं असतं. डोक्यापासून टाचेपर्यंत एक लाइन ऑफ अ‍ॅक्शन, वजन कुठल्या पायावर पडलंय ते पकडायचं, संपलं. नाकडोळे नंतर. बहुतेकदा कधीच नाही.

समोरच्या बाकावर एक काका बुटाची नाडी बांधत होते. काय वाकले होते! पाठीची अशी कमान पैसे देऊन मिळत नाही. मी पहिली रेघ ओढली आणि काकांनी मान वर केली. त्यांना कळलं. नाडी अर्धवट सोडून ते ताठ बसले, पोट आत घेतलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पासपोर्टच्या फोटोला करतात तसा चेहरा केला.

"काका, तुमचं चालू द्या ना."

"नाही नाही, तू काढ," ओठ न हलवता उत्तर आलं. "मी हलत नाही."

अहो, हलणारी माणसंच तर शोधत आले होते! त्यांना बरं वाटावं म्हणून पाच रेघा मारल्या, गुपचूप पान उलटलं आणि शेजारी अंग खाजवणाऱ्या कुत्र्याकडे वळले. मागचा पाय कानामागे, तोंड वाकडं, कातडी एका बाजूला ताणलेली, दुसऱ्या बाजूला गोळा झालेली. स्क्वॉश अँड स्ट्रेच, म्हणजे अ‍ॅनिमेशनमधलं दबणं-ताणणं, चालून आलं होतं. वर्षभरात असं चित्र उतरलं नव्हतं.

तेवढ्यात वहीवर सावली पडली. "बघू."

पान उलटलं गेलं.

"हा मी?"

"हो."

"या पाच रेघा?"

"जेश्चर आहे, काका."

"कसलं जेश्चर? मी तर काहीच केलं नाही." हे मात्र खरं होतं. "मिशी कुठाय?"

"३० सेकंदांत मिशी येत नाही हो."

"मी १० मिनिटं बसलो होतो."

यावर मी काय बोलणार?

"आण इकडे." काकांनी वही गुडघ्यावर टेकवली आणि मिशी काढली. एकेक केस. मग चष्मा. मग खिशाला पेन. शेवटी डोक्यावर दाट केस, जे मूळ मॉडेलकडे नव्हते. "आता हा हलेल ना?"

"एक सेकंद हलवायला १२ चित्रं लागतात."

"मग काढ की. रविवारच तर आहे."

रविवारच तर आहे! मागच्या स्क्रीनिंगला माझी ४० सेकंदांची फिल्म होती. सेकंदाला २४ फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ४८० चित्रं. पाच महिने गेले. मागे खुर्च्या सरकवण्याचा आवाज थांबेपर्यंत फिल्म संपलीसुद्धा. नंतर एकच प्रश्न आला, "कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत?" मान मोडून हाताने काढलेल्या चित्रांना हे विचारतात आणि वर "छंद छान आहे" म्हणतात. २८ ऑक्टोबरला आपण अ‍ॅनिमेशन दिन पाळतो, कारण १८९२ साली त्या दिवशी एमिल रेनोने पॅरिसमध्ये लोकांसमोर हलती चित्रं दाखवली. त्यातल्या एका फिल्मची ५०० चित्रं त्याने हाताने पट्टी मागेपुढे करत पंधराएक मिनिटं पुरवली. माझी ४८० एका जांभईत संपतात. पुढे धंदा बसला आणि हताश होऊन त्याने बहुतेक फिल्म सेन नदीत फेकून दिल्या. पूर्वी हे वाचून हळहळायचे. हल्ली नदी किती लांब पडेल ते बघते.

असो. शेवटी सगळ्यांच्या वह्या गवतावर मांडल्या. आयोजक एकेक बघत माझ्यापाशी थांबले. वही नेमकी काकांच्या पानावर उघडी. "अरे वा! या कॅरेक्टरमध्ये अपील आहे. तुझी रेघ मोकळी झाली बघ." लगेच फोटो.

मी "थँक यू" म्हणाले. होय, म्हणाले.

काका तोवर निघून गेले होते, माझी ४बी पेन्सिल घेऊन. घरी येऊन ते पान फाडायला घेतलं. पण मागे कुत्रा आहे.