ॲल्युमिनियमचं माऊसपॅड आणि खारा वारा

भाईला ॲल्युमिनियमचं माऊसपॅड घ्यायचं आहे आणि बंदराकडच्या आमच्या कट्ट्यावर ते कुणालाच पटलेलं नाही. किंमत हजाराच्या वर. मोबाईलवरच्या फोटोत दिसतं झकास: करडा रंग, गोलाई दिलेले कोपरे, खाली रबराचा थर. मालवणात संध्याकाळी दुकानं सुटली की कट्ट्यावर रोज काही ना काही निघतंच, पण या एका पत्र्यावरून जी हुज्जत झाली ती मांडून ठेवण्यासारखी आहे. समुद्राकाठी राहून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या कुणाच्याही ती उपयोगाची आहे, म्हणून लिहितो.

"इतके पैसे कित्याक घालतंस?" बाळाने सुरुवातच अशी केली. बाळा ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो. "माझ्याकडे पत्र्याचे तुकडे पडलेले असत. एक कापून देतंय, फुकट."

"तुझो तुकडो माझ्या काउंटरार ठेवू? गिऱ्हाईक काय म्हणतला?"

भाईचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. त्याचं दुकान लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाईनचं. माणसं समोर खुर्चीत बसतात, स्क्रीनवर पत्रिका बघतात, अक्षर बदलून घेतात, आजोबांचं नाव वर की खाली यावरून घरी फोन लावतात. तासन्‌तास त्यांची नजर त्या टेबलावरच असते. दुकान नीटनेटकं दिसावं म्हणून चार पैसे जास्त घालणं ही काही उधळपट्टी नव्हे.

पण मुळात पॅड लागतंच कशाला? बारक्याने हे विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. आजचा माऊस साध्या सनमायकावर, लाकडावर, अगदी वहीच्या पुठ्ठ्यावरही चालतो. भाईची अडचण वेगळी आहे. त्याच्या काउंटरवर काच आहे आणि काचेखाली पत्रिकांचे नमुने मांडलेले. नितळ काचेवर साधा माऊस चालत नाही. त्याच्या पोटात एक लहानसा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे एका सेकंदात हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोतला ठिपका पुढच्यात किती सरकला यावरून पॉइंटर हलवतो. काचेवर त्याला धरायला काही सापडतच नाही. काचेवर चालणारे माऊसही मिळतात, २००९ पासून आहेत, पण ते महाग, आणि भाईकडचे सगळे साधे.

"मग कापडी घे ना, मोठं, अर्ध्या टेबलाएवढं," बारक्या म्हणाला. तो रात्री गेम खेळतो, त्यामुळे या बाबतीत त्याचा शब्द कट्ट्यावर चालतो. "गेमवाले बहुतेक कापडीच वापरतात. जिथे थांबवायचा तिथे माऊस थांबतो. धातूवर नुसता घसरतो. आणि आवाज किती! रात्री खर्रखर्र ऐकून आई उठेल."

यावर भाई उठला, समोरच्या दुकानात गेला आणि स्वतःचं कापडी पॅड घेऊन आला. तेवढं एक पॅड बघितलं असतं तरी अर्धी चर्चा मिटली असती. मधोमध, जिथे माऊस फिरतो तिथे, कापड तेलकट काळं झालेलं. कडेची शिवण उसवून दोरे बाहेर आलेले. डाव्या कोपऱ्यात बुरशीचे राखाडी-हिरवे ठिपके. ब्रशने घासूनही त्यांचे डाग राहिले होते. उलटं केलं तर खालचं रबर चिकट झालेलं, आणि काचेवर त्याचा काळा चौकोन उमटलेला, तो भाईने थिनर लावून काढला. वास तर घेऊच नये. मागच्या पावसाळ्यापूर्वी घेतलेलं पॅड.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी होते, तिथे घाम प्यायलेल्या कापडाचं काय होणार? पुण्याला बसून "कापडीच बेस्ट" म्हणणं सोपं आहे. तिथल्या हवेत ते धुतलं की दुसऱ्या दिवशी वाळतं. इथे जुलैत धुतलेलं पॅड आठवडाभर ओलसर राहतं आणि वाळेपर्यंत कुबट होतं. बारक्याचं पॅड टिकतं, कारण तो एकटा वापरतो आणि त्याच्या खोलीत एसी आहे. भाईच्या दुकानात किनाऱ्यावरून आलेले पर्यटक रेल्वेचं तिकीट छापून घ्यायला शिरतात, हाताला वाळू, अंगावरून पाणी निथळतंय. त्यातलं थोडं टेबलावर येतंच.

तात्यांना दोन शंका होत्या. पहिली शॉकची. ती तिथल्या तिथे मिटली: पॅडला वायर नाही, खाली रबर आहे, करंट येणार कुठून? दुसरी मात्र खरी होती. "इथे लोखंडी ग्रिल दोन वर्षांत खातं. हे कशावरून टिकेल?"

यावर बाळा जे बोलला ते मला संपूर्ण चर्चेतलं सगळ्यात मोलाचं वाटलं. तो या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं ॲल्युमिनियम बसवतो आणि स्वतः बसवलेलं खराब झालेलंही बघतो.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही. त्याच्यावर आपोआप ऑक्साईडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. पण खाऱ्या हवेतलं मीठ नेमकं त्या थरालाच भोकं पाडतं. मग बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी बाहेर येते. समुद्राकडच्या जुन्या खिडक्यांवर बोट फिरवलं की ती बोटाला लागते. म्हणून ॲनोडायझिंग करतात: धातू आम्लात बुडवून वीज सोडायची आणि तोच ऑक्साईडचा थर जाड वाढवायचा. रंगही त्याच थराच्या छिद्रांत भरतात आणि मग छिद्रं बंद करतात. हा थर धातूतूनच वाढलेला असल्यामुळे रंगासारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. समुद्रकाठी उघड्यावरच्या कामाला २५ मायक्रॉनचा थर मागतात. केसाच्या जाडीहून कमीच, पण फरक पडतो.

"पण सेक्शन ॲनोडाईज होऊन येता, आणि मगे आम्ही ता कटरार कापतो," बाळा म्हणाला; सेक्शन म्हणजे खिडकीच्या चौकटीची लांब पट्टी. "कापलेल्या टोकाक काय रवता? उघडी धातू. पांढरा धरता ता थयसूनच. नायतर स्टीलचो स्क्रू मारलेलो असता थय."

म्हणजे पॅड बघताना वरचा रंग बघायचाच नाही, कड बघायची. कापून, कोपरे गोल करून मग ॲनोडाईज केलेलं असेल तर कडेलाही वरचाच रंग येतो. कड चकचकीत पांढरी दिसली तर ती दिसायला कितीही देखणी असो, आपल्या हवेत तिथूनच सुरुवात होणार. काही पॅडांवर ही चमकती कड मुद्दाम ठेवतात. वातानुकूलित ऑफिसात ती वर्षानुवर्षं तशीच राहील. मालवणात नाही. आणि बाळाचा फुकट तुकडा का घेऊ नये, तेही बाळाच्याच तोंडून ठरलं. त्याला चारही बाजूंना कापलेल्याच कडा असणार, शिवाय धारदार. मनगट दिवसभर तिथेच टेकतं.

धातूचं पॅड ही आजची टूम आहे असं तात्यांना वाटत होतं. तसं ते नाही, आणि मी ते कट्ट्यावर जरा जोर लावून सांगितलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेल्या माऊस सिस्टिम्स कंपनीच्या ऑप्टिकल माऊसला धातूचंच पॅड लागायचं. त्या चकचकीत पत्र्यावर बारीक रेघांची जाळी छापलेली असे. माऊस त्या रेघा मोजत जायचा. पॅड हरवलं की माऊस निकामी. सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर, म्हणजे कामासाठीच्या ताकदवान कॉम्प्युटरवर, असे माऊस असत. बाकी जगात तेव्हा रबरी गोळीचा माऊस चालायचा आणि गोळीला पकड हवी म्हणून कापडी पॅड रूढ झालं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला, कॅमेऱ्यासारख्या सेन्सरचा, तेव्हापासून घराघरात पॅडची सक्ती सुटत गेली. गोळी गेली आणि कापड मात्र आपण सवयीने ठेवून दिलं. निदान कोकणात तरी या सवयीचा फेरविचार व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बोलून भागेना म्हणून बाळाने दुसऱ्या दिवशी दोन तुकडे आणले, एक पॉलिश केलेला आरशासारखा, एक मॅट ॲनोडाईज. भाईच्या काउंटरवर ठेवून पत्रिकेची फाईल उघडली. पॉलिशवर पॉइंटर मध्येच थबकला, मग एकदम उडी मारून गणपतीच्या चित्रावरून थेट मुहूर्ताच्या ओळीत गेला. त्यात नवल नाही; आरशात प्रकाश सरळ परततो आणि कॅमेऱ्याला टिपायला खाचखळगे उरत नाहीत. मॅटवर तोच माऊस पाण्यासारखा चालला. भाईने एका अक्षराची वेलांटी धरून हलवून बघितली, नेमकी जागेवर बसली. आवाज मात्र होता. बारक्याने तो मुद्दाम सगळ्यांना गप्प करून ऐकवला.

मग त्याने माऊस उलटा केला. तळाला चार पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या असतात, टेफ्लॉनच्या. "ह्या झिजणार," तो म्हणाला. "पॉलिश पेपरवर जो दाणा असतो तो कसला असतो? ॲल्युमिनियम ऑक्साईडचाच. तोच तुम्ही खाली ठेवताय." बारक्याचा हा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही. कापडावर त्या पट्ट्या सावकाश झिजतात, खरखरीत कडक पॅडवर लवकर. वाळूचा कण मध्ये आला तर आणखी लवकर. त्यावर उपाय एवढाच की फिनिश फार खरखरीत घ्यायचा नाही, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं आणि पट्ट्यांचा एक जादा संच आणून ठेवायचा. त्या वेगळ्या मिळतात.

एसीचंही निघालं, कारण भाई यंदा दुकानात एसी लावायचा म्हणतो. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं तो, चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. एसी बावीसवर असेल तर पॅडही तेवढंच गार होतं, आणि दार उघडून बाहेरची हवा आत आली की त्याच्यावर दव धरतं. अशा ओल्या पत्र्यावर माऊस अडखळतो. कापडात तेच पाणी मुरतं आणि दिसत नाही. मला विचाराल तर दिसलेलं पाणी बरं, ते पुसता तरी येतं. गारठ्याचं म्हणाल तर मेच्या उकाड्यात मनगटाखाली गार पत्रा कुणाला नको असतो? ज्यांचं मनगट मुळात दुखतं त्यांनी मात्र हे घेऊ नये. कडक धातूवर तासन्‌तास हात टेकणं त्यांना सोसायचं नाही.

तात्यांनी शेवटी विचारलं, "मग हजार रुपये घालायचे की नाही, ते सांगा." माझं उत्तर मी तिथे दिलं तेच इथे देतो. घरी एकट्याने वापरायचं असेल, टेबलावर सनमायका असेल, तर काहीच घेऊ नका. गेम खेळत असाल तर बारक्याचं ऐका. पण काचेचं काउंटर, दिवसभराची गिऱ्हाईकं, दमट हवा आणि समोर समुद्र असेल, तर धातूचं पॅड कापडापेक्षा सरस आहे. ते सरस ठरतं पुसता येतं म्हणून. हजारातले निम्मे पैसे दिखाव्याचे आहेत हे कबूल, पण दर पावसाळ्याला कापडी पॅड फेकायचं तर तेही काही फुकट पडत नाही.

बाळाला हे अर्धंच पटलं. "मॅट सनमायकाचो तुकडो सुताराकडसून आण, काचेर ठेव, झाला," असं त्याचं अजूनही म्हणणं आहे, आणि माऊस त्याच्यावर चांगला चालतो हे त्याने करूनही दाखवलं. सनमायकाच्या कडा पावसात पोपटाच्या चोचीसारख्या वळतात, असं भाईचं उत्तर. दोघं एकमेकांना ऐकेनात.

भाईने विकणाऱ्याला दोन प्रश्न लिहून पाठवले आहेत: कडेला ॲनोडायझिंग आहे का, आणि कडेचा जवळून काढलेला फोटो मिळेल का. बारक्याने त्याच्याच मोबाईलवरून टेफ्लॉनच्या पट्ट्यांचा संच यादीत टाकून दिला. कड पांढरी निघाली तर पॅड घ्यायचं नाही, एवढ्यावर बाळा आणि भाई दोघांचंही एकमत झालं आहे.