शिट्टी वाजली म्हणजे दमाच असतो का?

निपाणी-चिक्कोडी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थुंकी निगेटिव्ह आणि एक्स-रे स्वच्छ, तर टीबी नाही. छातीत शिट्टी वाजते तो दमाच, पंप ओढा. दुर्बीण घालणं हा पैसे उकळायचा धंदा. आणि टीबी निघालाच, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी श्वासनळी मोकळी होते. यातला एकही मुद्दा खरा नाही.

टीबी श्वासनळीच्या आतल्या अस्तरालाही होतो. नळी आवळली की जंतू असलेला बेडका मागेच अडकतो, तपासायला दिलेल्या थुंकीत येत नाही. अशा दहा रुग्णांतल्या एक-दोघांचा एक्स-रेही नॉर्मल येतो.

आता दम्याचं. माझी धाकटी जाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वय 26. "अक्का, छातीत शिट्टी वाजतीया," म्हणाली की घरचे म्हणायचे, वखारीतली धूळ. डॉक्टरांनीही दमा म्हणून पंप दिला, आठ महिने ओढला. एका रात्री मी तिच्या पाठीला कान लावला. उजवीकडे श्वास मोकळा, डावीकडे मात्र एकाच जागी एकच लांब, बारीक सूर. दम्याची शिट्टी सहसा दोन्ही बाजूंना वाजते, अनेक सुरांत वाजते, कधी कमी कधी जास्त होते. ही जागची हलत नव्हती. डावी मुख्य श्वासनळी उजवीपेक्षा लांब आणि अरुंद असते, आणि श्वासनळीचा टीबी तरुण बायकांत जास्त सापडतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पंपाचं औषध नळीभोवतीचा स्नायू सैल करतं. व्रण आणि वण त्यानं सैल होत नाहीत. नळीत जोरात फुंकायच्या चाचणीत पंपानंतर आकडा 12 टक्के आणि 200 मिलीलिटरनं वाढला, तर दम्याचा संशय बळावतो. तिचा जवळजवळ तेवढाच राहिला.

दुर्बिणीला आम्हीही भ्यालो होतो. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि नाकातून किंवा तोंडातून बारीक, लवचिक नळी आत घालतात. अरुंद जागा डोळ्यांनी दिसते, तिथला तुकडा घेता येतो, धुतलेलं पाणी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला जातं. तुकडा हवाच, कारण कॅन्सरची गाठही अशीच नळी बुजवते. सीटी स्कॅनमध्ये अरुंद भाग किती लांब आहे आणि त्याच्या पुढचं फुफ्फुस किती शिल्लक आहे ते कळतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. गोळ्या जंतू मारतात, म्हणून कोर्स पुरा करायचाच. पण भाजलेली जागा भरताना कातडी आखडते, तशी नळी बरी होतानाच आवळत जाते. टीबीचा कोर्स संपल्यावरही जावेला पाण्याची घागर घेऊन पायरीवर थांबावं लागायचं. शेवटी दुर्बिणीतूनच फुगा घालून नळी रुंद केली. वण पुन्हा आखडू शकतो, म्हणून आम्ही अजून तपासणीला जातो, आणि अधूनमधून मी तिच्या पाठीला डावीकडे कान लावते.