फेसाची आंघोळ आणि अँटिबायोटिकच्या दोन बाटल्या

आज सकाळी पाच वर्षांची एक पोर तपासली. फ्रॉकचा घेर मुठीत आवळलेला, पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले, आणि तोंडी एकच पालुपद, "शू नाही आली." आली होती हो. आग होते म्हणून धरून ठेवली होती! आईच्या पर्समध्ये अँटिबायोटिकच्या दोन अर्धवट बाटल्या. युरिन कल्चर, म्हणजे शूत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, मात्र एकदाही नाही, कारण "इन्फेक्शनच असणार, दुसरं काय?"

दुसरं काय ते सांगते. वाढदिवसाला बबल बाथची बाटली आली होती. तेव्हापासून रोज अर्धा तास टबात, फेसात.

हा फेस डिटर्जंटचा असतो. वयात आलेल्या बाईची शूच्या जागेची त्वचा इस्ट्रोजेनमुळे जाड होते. लहान मुलीची पातळ, नाजूक, आणि झाकायला फारसं काही नसतं. ती साबणाच्या पाण्यात बसून राहिली की त्वचेवरचं तेल निघून जातं, लाली येते, मग शू लागली की झोंबतं. याला उन्हाळी म्हणा, जळजळ म्हणा. जंतूंची लागण नव्हे. अमेरिकेत लहान मुलं वापरतील अशा बाटलीवर मूत्रमार्गाला त्रास होऊ शकतो असा इशारा छापावाच लागतो.

फेसाने थेट इन्फेक्शन होतं याचा पक्का पुरावा नाही, मान्य. काही मुली वर्षभर फेसात लोळतात आणि त्यांना काही होत नाही, तेही मान्य. पण सकाळच्या पोरीसारखी शू धरून ठेवली की ती साचते, जंतूंना वाढायला वेळ मिळतो. त्यात शी कडक होत असेल तर भरलेलं आतडं मूत्राशय नीट रिकामं होऊ देत नाही. मग होतं खरं इन्फेक्शन.

आणि खरा संताप पुढेच आहे. इन्फेक्शन शब्द ऐकला की घरचे धुवायलाच घेतात! पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक, वर बायकांचा इंटिमेट वॉश. आधीच सोललेली जागा, तिच्यावर हे.

फेस बंद. तिथे साबणही बंद, नुसतं पाणी. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवा, टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. सुती चड्डी, आणि ती धुताना एकदा जास्त खळबळा. केस सगळ्यात शेवटी, उभं करून धुवा, म्हणजे शाम्पूच्या पाण्यात बसणं होत नाही. शूला बसताना चड्डी घोट्यापर्यंत, गुडघे लांब. नाहीतर शू योनीमार्गात जाते आणि नंतर थेंब थेंब गळत राहते. पुसायचं पुढून मागे.

कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली निर्जंतुक डबीत घ्या. तासाभरात लॅबला पोचणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये.

ताप, उलट्या, कमरेत दुखणं किंवा शूतून रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री शीच्या जागी खाज येत असेल तर जंत बघा. घाण वासाचा किंवा रक्ताचा स्राव असेल तर फेसावर ढकलून मोकळं होऊ नका, तपासून घ्या.

सकाळच्या पोरीची शू साध्या तपासणीत स्वच्छ निघाली, कल्चरचा रिपोर्ट यायचाय. फारच आग होत असेल तर कोमट पाण्यात बसूनच करू द्या, असं आईला सांगितलं होतं. आत्ता तिचा मेसेज आला. टबातच केली, रडली नाही. टबात केली म्हणून आजी मात्र ओरडल्या.