फुल अँड फायनल

एचआरमध्ये मला १९ वर्षं झाली. मुलाखती, जॉइनिंग, इंडक्शन, अप्रेजल, पॉशची (लैंगिक छळाच्या तक्रारींची) कमिटी, सगळं करून झालंय. आज मात्र लिहायचंय ते माणसाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. आमच्या क्षेत्रात एंगेजमेंट, वेलबीइंग, कल्चर यांवर सारखे सेमिनार होतात, बीकेसीतल्या हॉटेलांत दिवस-दिवस चर्चा चालते. या एका दिवसाबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वरून यादी आली. ११ नावं. त्यात अकाउंट्समधले एक गृहस्थ होते, वय ५१, रोज बदलापूरहून यायचे. दुपारी चारला त्यांना छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. कागद आधीच टाइप केलेला होता. दोन ओळी: 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' शेजारी पेन. माझ्याबरोबर त्यांचे मॅनेजर बसले होते, ते सगळा वेळ खाली बघत होते.

त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "मॅडम, सहीनंतर मी नेहमीच्या वेळेपर्यंत जागेवर बसलो तर चालेल का? लवकर घरी गेलो तर बायको दारातच विचारेल."

तोवर त्यांचं ऑफिसात शिरायचं कार्ड बंद झालं होतं. लॉगिन तर आम्ही त्यांना बोलावायच्या आधीच बंद केलं होतं. तशीच पद्धत आहे, डेटा सेफ्टी म्हणतात. मी त्यांना घेऊन खाली चहाच्या टपरीवर गेले आणि साडेसहापर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. ते मुलीच्या बारावीबद्दल बोलत होते. मग नेहमीची गाडी पकडायला स्टेशनकडे निघाले. जाताना "येतो मॅडम" म्हणाले. रोज जाताना म्हणायचे तसंच.

त्यांची सर्व्हिस ४ वर्षं ४ महिने होती. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, तेव्हा १९७२ च्या कायद्याने मिळायची. कायम कर्मचाऱ्याला सलग ५ वर्षं भरल्यावर, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आणखी आठ महिने थांबलो असतो तर या माणसाच्या हातात काहीतरी पडलं असतं. मी तसं मेलवर लिहिलं होतं. उत्तर आलं, 'नोटेड'.

आता मुद्दा त्या दोन ओळींचा. त्यांना काही वैयक्तिक कारण नव्हतं. कंपनीला माणूस कमी करायचा होता, त्याला कायद्यात छाटणी म्हणतात आणि त्याचे नियम १९५३ पासून आहेत, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते तेव्हा घातले गेले: एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, दर वर्षाच्या सर्व्हिसमागे १५ दिवसांची भरपाई, आणि साधारणपणे जो शेवटी आला तो आधी जाणार. राजीनाम्यावर सही झाली की यातलं काहीच द्यावं लागत नाही. पुढच्या मुलाखतीत 'का सोडली' याचं उत्तर देण्याची जबाबदारीही त्या माणसावरच येते.

यावर कुणी म्हणेल, हे कायदे कामगारांसाठी, ऑफिसातल्या लोकांना कुठे लागू होतात? इथेच गोम आहे. मुंबईत आज जो तो असिस्टंट मॅनेजर. हाताखाली एक माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर व्हाउचर एंट्री करायची, पण व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतं. बहुतेकांना हे माहीतच नसतं. आम्हाला माहीत असतं, आणि आम्ही सांगत नाही. मीही त्या दिवशी सांगितलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

माझे बाबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. सुरुवात बदली कामगार म्हणून. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर चालत घरी. नंतर कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि बाबांची गिरणी पुन्हा कधी धड चालली नाही. त्यांना कुणी 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलंसुद्धा नाही. हिशेबाचे पैसे तुकड्या-तुकड्याने आले, तेही युनियनच्या ऑफिसात वर्षानुवर्षं खेपा घातल्यावर. आई म्हणायची, "मेलेल्या माणसाचं दहावं-तेरावं तरी होतं, यांच्या नोकरीचं तेही झालं नाही."

आज माझं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. काचेची इमारत, खाली कॉफी शॉप. आमच्याकडे आता बदली कामगार नाहीत, 'थर्ड पार्टी पेरोल'वरची, म्हणजे बाहेरच्या एजन्सीकडून पगार घेणारी पोरं आहेत. आमच्याच मजल्यावर बसतात, तेच काम करतात, दिवाळीचा डबा मात्र वेगळा मिळतो. त्यांना जायला सांगायचं तर आम्हाला मीटिंग रूमसुद्धा लागत नाही, एजन्सीला एक फोन केला की झालं.

हल्ली एचआरच्या ग्रुपवर एकच रडगाणं असतं. पोरं ऑफर घेतात आणि जॉइनच होत नाहीत. जॉइन होऊन चौथ्या दिवशी फोन बंद करतात. लॉयल्टी राहिली नाही. मला यात पोरांचा दोष कमी दिसतो. या मुलांनी आपल्या बापाला, काकाला असंच दुपारी चार वाजता घरी येताना पाहिलंय. आपण त्यांच्याकडून ९० दिवसांची नोटीस मागतो आणि आपल्याला जेव्हा माणूस नको असतो तेव्हा तो तासाभरात बाहेर असतो. तीन महिने थांबायला नवी कंपनी तयार नसते, मग पैसे भरून सुटका करून घ्या, नाही भरले तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडकवून ठेवतो. ज्याला आपण असं अडकवतो त्याने पुढच्या ठिकाणी निष्ठा दाखवावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? आणि इंडक्शनमध्ये 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य मी आता म्हणत नाही. कुटुंबात आईबाप तिमाहीच्या शेवटी यादी काढत नाहीत. त्याऐवजी मी सांगते: पगार अमुक तारखेला होईल, तासांचा हिशेब असा राहील, आणि निघायची वेळ आली तर तुमचे पैसे आणि कागद असे मिळतील. मुलं मोबाइल खाली ठेवून ऐकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत आले. बाकी बऱ्याच कलमांवर वाद आहेत, छाटणीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली ते मला मुळीच पटलेलं नाही. पण वेतन संहितेतली एक तरतूद प्रत्येक नोकरदाराने पाठ करावी. माणूस काढला, कमी केला किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तरी त्याचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं. दोन दिवसांत! आमच्याकडे फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, ४५ दिवस हा धर्म होता, आणि ६० झाले तरी कुणाला काही वाटायचं नाही. अजूनही अनेक ठिकाणी 'पुढच्या पेरोल सायकलला बघू' चालूच आहे. तुमच्या बाबतीत असं झालं तर तोंडी विचारू नका, मेल टाका, तारीख घालून. मुदत ठरवलेली असताना उशीर झाला तर तो उशीर कुणाचा हे लेखी असलेलं बरं.

मी एवढ्यात आमच्याकडे जे करून घेऊ शकले ते फार मोठं नाही. नो ड्यूजच्या, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नाही असं दाखवणाऱ्या फॉर्मवर नऊ सह्या लागायच्या, माणूस आपलाच पगार मिळवायला मजल्यामजल्यावर फिरायचा. आता तीन लागतात, आणि त्या गोळा करायचं काम एचआरचं. शेवटच्या दिवशी कार्ड संध्याकाळपर्यंत चालू राहतं. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी हातात. आणि आधीच टाइप केलेला राजीनामा मी पुन्हा कुणापुढे ठेवलेला नाही. कंपनीने माणूस कमी केला तर पत्रात तसंच लिहायचं, यावर मी अडून बसले. बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्या गृहस्थांचा पाच महिन्यांनी फोन आला होता. मी संध्याकाळच्या गाडीत होते, मागून ढकलाढकल चालू होती. अंबरनाथला एका छोट्या कारखान्यात हिशेबाचं काम मिळालं होतं, पगार कमी, पण घराजवळ. पीएफ ट्रान्सफर होत नव्हता, कारण आमच्याकडून पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच भरली गेली नव्हती. दोन महिन्यांनंतर ती कर्मचाऱ्याला स्वतःही भरता येते, पण त्यांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, ओटीपी येत नव्हता. "मॅडम, तुम्हाला त्रास देतोय," असं ते दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी पोर्टल उघडलं. त्या यादीतल्या ११ पैकी ७ जणांच्या नावापुढे तारखेची जागा रिकामी होती. सातही भरल्या, आणि एकेकाला फोन लावत गेले.