कृष्णाकाठचे किल्ले जहाजांवर नजर ठेवायला बांधले म्हणे!

सातारा-सांगलीकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वाईपासून सांगलीपर्यंतचे कृष्णाकाठचे सगळे किल्ले शिवाजी महाराजांनी बांधले, कशासाठी तर नदीतून जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला आणि जकात घ्यायला, कराडच्या कोटातून कृष्णेच्या तळाखालून सदाशिवगडापर्यंत भुयार आहे, आणि 1818 ला इंग्रजांनी हे सगळे किल्ले तोफा लावून पाडले. शेवटी अर्थातच "अभिमान असेल तर शेअर करा". अभिमान आहेच की, पण म्हणून काहीही पुढे ढकलायचं का?

आधी जहाजांचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. आपल्याकडची कृष्णा म्हणजे खडकाळ पात्र, धरणं नव्हती तेव्हा उन्हाळ्यात जागोजागी उतार पडायचे, लोक नि बैलगाड्या पाण्यातून पलीकडं जायच्या, आणि पावसाळ्यात तिचा जोर काय असतो ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. नावा होत्या, पण त्या या काठावरून त्या काठाला जायला. माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून, घाटवाटांनी. म्हणून गड पण वाटांवर बसलेत. वसंतगडावर उभं राहून बघा, कराड-सातारा रस्ता आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणकडं उतरणारी वाट, दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. अजिंक्यताऱ्यापासून, म्हणजे साताऱ्याच्या किल्ल्यापासून, कृष्णा पाच-सहा किलोमीटर लांब, त्या काळच्या तोफेचा गोळा तिथवर पोचणार कसा ते मेसेजवाल्यानंच सांगावं.

उलट नदी ही अडचण होती, आणि ती कुणाला किती नडली हे बघायचं असेल तर औरंगजेबाची 1699-1700 ची मोहीम वाचा. नोव्हेंबर 1699 मध्ये त्यानं वसंतगड घेतला आणि डिसेंबरात साताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला महिनोन्‌महिने झुंजवला, एप्रिलमध्ये मोगलांनीच लावलेला सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला, त्यांच्याच माणसांवर कोसळला आणि दोनेक हजार लोक गेले असं सांगतात. मग सातारा पडला, जूनमध्ये परळी म्हणजे आपला सज्जनगड पण पडला. आता बादशहा जिंकला, बरोबर? पण तोवर पाऊस सुरू झाला, आणि ते अवाढव्य लष्कर उरमोडी-कृष्णेच्या पुरात अडकलं, जनावरं मेली, सामान वाहून गेलं, नुसती कृष्णा ओलांडायला कितीतरी दिवस गेले. गड घेऊनही माणूस असा घायकुतीला येतो ते या नदीमुळं.

आता सगळे महाराजांनी बांधले, हे. पांडवगड, वैराटगड, चंदन-वंदन, अजिंक्यतारा यांचं बांधकाम परंपरेनं शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडं जातं, म्हणजे बाराव्या शतकात. सातारा महाराजांनी 1673 मध्ये जिंकून घेतला, बांधला नाही. मिरजेच्या भुईकोटाला तर त्यांनी 1660 च्या सुरुवातीला वेढा घातला होता, स्वतः बांधलेल्या किल्ल्याला कोण वेढा घालतं राव! आणि सांगलीचा गणेशदुर्ग? तो चिंतामणराव पटवर्धनांचा, मिरजेच्या घरातून वेगळे होऊन ते सांगलीला आले त्यानंतरचा, म्हणजे महाराजांच्या नंतर सव्वाशे वर्षांनी.

महाराजांच्या नावावर खरी जाते ती सदाशिवगड, मच्छिंद्रगड, वर्धनगड, भूषणगड ही ओळ, विजापूरकडून येणाऱ्या फौजेला पूर्वेच्या सपाटीवरच अडवायला उभी केलेली. यातले वर्धनगड आणि भूषणगड कृष्णेच्या काठावर नाहीतच, पार कोरेगाव-खटावकडं आहेत. नदी राखायची असती तर तिकडं कशाला गेले असते? अभिमानच बाळगायचा तर अख्खी सरहद्द डोक्यात ठेवून केलेल्या या आखणीचा बाळगा ना, पण नाही, आपल्याला जहाजं पाहिजेत.

भुयाराबद्दल फार बोलत नाही. काळ्या पाषाणात, वाहत्या नदीच्या तळाखालून, काही किलोमीटर, वर पाणी झिरपणार ते उपसायचं कशानं? कराडच्या कोटात बघण्यासारखी आहे ती नकट्या रावळाची विहीर, भली मोठी पायऱ्यांची, ती बघा की. आणि गडांवर पाणी नदीतून चढवत नव्हते, गडावरच टाकी नि तळी खोदायचे. वसंतगडावर दोन तळी आहेत, एकाचं नाव कृष्णा नि दुसऱ्याचं कोयना, बहुतेक त्यावरूनच कुणीतरी नदीला गडाशी जोडून टाकलं असणार.

राहिले इंग्रज. फेब्रुवारी 1818 मध्ये साताऱ्याचा किल्ला थोडक्या माऱ्यातच त्यांच्या हातात आला. एप्रिलमध्ये वासोट्यावर मात्र खरंच तोफा चालल्या, पण तो कोयनेच्या खोऱ्यात. पुढं 1819 च्या तहानं सातारा प्रतापसिंह महाराजांकडं गेला आणि 1848 पर्यंत ते राज्य टिकलं, म्हणजे सगळं पाडलं हे जमतच नाही. बाकी तटांचे चिरे ऊनपावसानं ढासळले, काही आसपासच्या घरांना लागले, हे कुणी शेअर करत नाही. सांगलीचा गणेशदुर्ग तर 1948 ला संस्थान विलीन होईपर्यंत पटवर्धनांकडंच होता आणि नंतर कितीतरी वर्षं कलेक्टर ऑफिस त्यातच होतं, दाखल्यासाठी तिथं रांगेत उभे राहिलेले लोक या ग्रुपवर पण असतील.